‘जाते’ मी म्हटलंच नव्हतं

सोमवारी सकाळी मी दात घासत असताना फोन वाजला. तोंडातला फेस सांभाळत उचलला, तर पलीकडे कुणी बाई हमसून हमसून रडत होती.

“कधी नेणार हो?” तिनं विचारलं.

“कुणाला?”

“आक्कांना. रेडिओवरच्या. मला दोन बस बदलून यायचंय. वेळ कळली तर बरं.”

मी बेसिनमध्ये थुंकले. “आक्काच बोलतेय. मला कुठं नेताय?”

मग ती अशी भडकली की फोन कानापासून लांब धरावा लागला. “मेलेल्या माणसाच्या घरात बसून त्याचाच आवाज काढतेस? काही लाजलज्जा?” आणि फोन आपटला.

त्यानंतर फोन थांबेचना. एकानं विचारलं, शेवटी फार त्रास झाला का. एकीला माझ्या डफाचं काय होणार याची काळजी लागली होती, कारण तो तिच्या भाच्याला हवा होता. खालचा इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा घेऊन वर आला. मी दार उघडलं मात्र, गठ्ठा तिथंच टाकून गडी जिन्याच्या वळणापर्यंत खाली. तिथूनच म्हणाला, “काल तुम्ही ‘जाते’ म्हणालात.”

“मी?”

“रेडिओवर. कार्यक्रम संपताना. आमच्या घरात कालपासून चूल पेटली नाही.”

“मग आता पेटवा,” मी म्हटलं. काल मी रेडिओवर नव्हतेच. गेले दोन रविवार मी स्टुडिओत पाऊल टाकलं नव्हतं. मग माझ्या आवाजात ‘जाते’ कोण म्हणालं? अंगावर काटा आला तो भीतीचा नव्हता. आपला टूथब्रश कुणीतरी वापरून ओलाच परत ठेवलाय हे कळल्यावर येतो, तो.

हे सगळं नीट कळायला आमच्या घरातल्या दोन भाषा सांगायला हव्यात. एक थोरली, म्हणजे शाळेची, कचेरीची, दुकानांच्या पाट्यांवरची. दुसरी धाकटी, म्हणजे आईची. ही नावं माझ्या वडिलांनी ठेवली. ते बसवर कंडक्टर होते, थोरली बोलत आणि धाकटी नुसती ऐकून हसत. घरात दोघी नांदायच्या, आणि दोघींचं कधी म्हणजे कधी पटलं नाही.

थोरलीत माणूस निघाला की सरळ ‘जाते’ म्हणतो आणि कुणाला काही वाटत नाही. धाकटीत तसं नाही. वाण्याकडे निघालीस तरी ‘येते’, परगावी निघालीस तरी ‘येते’. ‘जाते’ हा शब्द आहे, पण तो माणूस एकदाच म्हणतो, आणि तोही स्वतः म्हणत नाही. तो मेल्यावर बाकीचे त्याच्या वतीनं गातात. मी तो जन्मात एकदा गायले, वडील गेले तेव्हा, आणि ते गाणं माझ्या दुसऱ्या कॅसेटच्या शेवटी आहे. लोक ती कॅसेट तिथपर्यंत आली की बंद करतात, हे मला ठाऊक आहे. मीही करते.

आई लाँड्रीत इस्त्रीला होती. दिवसभर वाफेत उभी राहून गायची, आणि मी टेबलाखाली बसून ऐकायची. सूर चुकला की वरून पाण्याचा शिपका यायचा, कपड्यांवर मारतात तोच. माझी सगळी तालीम त्या टेबलाखाली झाली. शाळेत धाकटी बोलले की मास्तर पट्टी मारायचे आणि घरी थोरलीत गायले की आई पाणी मारायची. तेव्हा मी दोन्हींत एकदम गायला लागले, म्हणजे निदान मारणाऱ्यांचा गोंधळ व्हावा.

माझं जे गाणं चाललं ते असंच. थोरलीतला ‘मीठ’ हा शब्द धाकटीच्या कानाला ‘जावई’ ऐकू येतो. एक बाई भिंतीवरून शेजारणीकडे मीठ मागते, शेजारणीला वाटतं ही आपला जावई मागतेय. “वाटीभर दे गं, उद्या परत करते.” “ने ने, परत नको आणूस.” अशी ती सात कडवी चालतात. एकच भाषा येणाऱ्याला ते गाणं बरं वाटतं. दोन्ही येणारा खुर्चीवरून पडतो. मी कधीच एकीतलं दुसरीत सांगितलं नाही. ज्याला हसायचंय त्यानं दोन्ही शिकाव्यात, अशी माझी घमेंड होती आणि अजून आहे.

त्या गाण्यावर रेडिओनं मला बोलावलं आणि रविवारी सकाळचा अर्धा तास दिला. कार्यक्रमाचं नाव ‘इकडचं तिकडचं’. सुरुवात मीच बसवली होती. टेबलावर अंगठीनं टकटक करायचं, थोरलीत विचारायचं, “कोण आहे?” आणि धाकटीत उत्तर द्यायचं, “मीच. आले.” मग गाणी, पत्रं, इकडच्या चहाड्या तिकडे. आणि संपताना, “येते.” माझे केस काळ्याचे पांढरे झाले, केंद्रावर सात साहेब बदलले, टेपांची जागा कॉम्प्युटरनं घेतली, पण टकटक, आले, येते, यात फरक पडला नाही.

मग आठवा साहेब आला. त्याचं मी ठेवलेलं नाव गुळगुळीत. त्याच्या चेहऱ्यावर, बोलण्यावर, हात मिळवण्यात कुठं बोट अडकेल असं काही नव्हतंच. आल्या आल्या त्यानं माझा गौरव करायचं ठरवलं. तिथंच मी ओळखायला हवं होतं, कारण रेडिओवाले माणसाला हार घालतात तेव्हा दुसऱ्या हातात कात्री असते. गौरवाला त्यानं मला काचेचा आवाज दिला. म्हणजे काचेचा मायक्रोफोन, खाली दोन्ही भाषांत ‘आवाज’ असं कोरलेला. धाकटीत मात्र चुकून ‘ओरड’ असं कोरलं होतं. मी ते वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “फील तोच आहे ना ताई?” आणि समोरच्या रांगेतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो म्हणाला, आता दोन रविवार मस्त आराम करा, आम्ही तुमच्या खजिन्यातलं काहीतरी लावतो. मला वाटलं जुने भाग लावतील. मीही हो म्हटलं, घसा बसलेलाच होता.

तर सोमवारी मी तशीच उठून केंद्रावर गेले. लिफ्टमध्ये गुलाबाचा फवारा मारलेला, त्याखाली जुन्या कार्पेटचा कुबट वास होता तसाच. रिसेप्शनवरची पोरगी मला बघून अर्धी उभी राहिली. मी सरळ एडिटरच्या खोलीत शिरले. एडिटर माणूस वाईट नाही. फक्त नाही म्हणायला तो कधी शिकला नाही, आणि अशा माणसाच्या हातून जेवढी घाण होते तेवढी वाईट माणसाच्या हातूनही होत नाही.

“लाव,” मी म्हटलं. “कालचं लाव.”

त्यानं लावलं. टकटक झाली. “कोण आहे?” “मीच. आले.” एवढं खरं होतं. पुढं माझा आवाज मी कधीच न बोललेली वाक्यं बोलायला लागला. एका शब्दात मी तिशीतली, पुढच्यात पन्नाशीतली. एका शब्दाला सर्दी झालेली, त्याच्या शेजारचा ठणठणीत. मध्येच मी एका प्रेशर कुकरची तारीफ केली, त्यातला ‘वाफ’ हा शब्द मी आईच्या लाँड्रीच्या आठवणीत बोलले होते. माझ्या आईची वाफ त्या माणसांनी कुकरमध्ये घातली होती.

शेवटी आलं ते. “आता” हवामानाच्या बातमीतलं. “मी” मिठाच्या गाण्यातलं. आणि मग “जाते”. त्याच्या मागं डफाचा अर्धा ठोका ऐकू आला. पुढचा अर्धा कापला होता. तो ठोका मी वडिलांसाठी वाजवला होता.

“हे कुठून घेतलंस?” मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“बाई, स्क्रिप्ट वरून आलं, थोरलीत,” एडिटर म्हणाला. “‘आता मी जाते, पुढच्या रविवारी भेटू.’ धाकटीचा भाग मला तुमच्या टेपांतून जोडायचा होता. शब्दकोशात बघितलं, जाणे म्हणजे जाणेच आहे. मग तुमच्या टेपा धुंडाळल्या. एवढ्या वर्षांत तुम्ही एकदाही ‘जाते’ म्हणाला नाहीत हो! दोन दिवस शोधलं. शेवटी त्या कॅसेटवर एक सापडलं. म्हटलं, नशीब, एक तरी आहे.”

“आणि मी एवढ्या वर्षांत एकदाही का म्हटलं नाही, असं तुला वाटलं नाही?”

“वाटलं ना.”

“मग विचारलं का नाहीस?”

तो कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसायला लागला. “तुम्ही आरामात होतात,” म्हणाला.

गुळगुळीतच्या काचेच्या खोलीत मी न ठोठावता शिरले. तो उठून दोन्ही हात पसरून पुढं आला, जणू मी परदेशातून आलेय. तोंडात पुदिन्याची गोळी होती आणि ती तो बोलताना या गालातून त्या गालात फिरवायचा. तिचा आवाज मला दातांवर ऐकू येत होता.

“ताई! फोन बघितलेत? सकाळपासून लाइन जॅम आहे. तुमची एंगेजमेंट काय वाढलीय!”

“या वयात?” मी म्हटलं. “मी मेलेय म्हणून लोक फोन करतायत. माझ्या तोंडी तुम्ही मेलेल्याचा शब्द घातलात.”

त्याला ते समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. सांगून झालं तेव्हा त्याचे डोळे चमकले. वाईट वाटल्याचं नव्हे. खरंच चमकले. “म्हणजे लोक रडले?” तो म्हणाला. “ताई, रेडिओसाठी आजकाल कोण रडतं? हे सोनं आहे. पुढच्या रविवारी आपण तुम्हांला परत आणू. जिवंत. मोठा स्पॉन्सर घेऊन.” गोळी या गालातून त्या गालात गेली. पुढच्या रविवारी जिवंत. कुकरच्या पैशानं.

आणि रविवार म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात उजेड पडला. आई. आई दर रविवारी ऐकते. ती कालही ऐकत होती. त्याला तसंच बोलत ठेवून मी जिना उतरले.

आईला अर्धांगाचा झटका आला त्यानंतर तिची थोरली भाषा साफ पुसून गेली. एक शब्द राहिला नाही. पन्नास वर्षं ज्या भाषेत तिनं गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली, वडिलांशी भांडणं केली, ती गेली आणि धाकटी तेवढी राहिली. डोळेही अधू झालेले. ती ज्या वृद्धाश्रमात आहे तिथं धाकटी कुणालाच येत नाही. मी घरी ठेवली असती, पण तिला उचलून बसवायला दोन माणसं लागतात आणि माझ्याकडे मी एकटीच. मी संध्याकाळी जाते तेव्हा ती बोलते, आणि रविवारी सकाळी रेडिओ. बाकी वेळ ती खुणा करते किंवा गप्प असते.

मी पोचले तेव्हा तिच्या खोलीतल्या मावशी, म्हणजे तिचं सगळं बघणारी बाई, ताट परत घेऊन चालल्या होत्या. ताटातलं काही हललंही नव्हतं.

“बरं झालं आलात,” मावशी म्हणाल्या. “कालपासून तोंड उघडत नाहीत. पाणीसुद्धा गालातून बाहेर. एकच काहीतरी बोलतात, मला मेलीला कळत नाही. डॉक्टर म्हणाले उद्या संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी घालू.”

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खाटेच्या कडेला बसले आणि तिचा हात धरला.

“कोण?” तिनं विचारलं.

“मी आहे आई.”

“मी म्हणजे?”

“तुझी मुलगी.”

“ती गेली,” आई शांतपणे म्हणाली. “काल सांगून गेली. स्वतःच्या तोंडानं.”

“आई, ते मी नव्हते. त्यांनी माझे जुने शब्द कापून चिकटवले.”

“मला तिचा आवाज कळत नाही होय? तो सूर मी बसवलाय.”

“मग हा कुणाचा आवाज आहे? ऐक ना. मी बोलतेय.”

आईनं मान वळवली. तिचे ते दुधाळ डोळे माझ्या चेहऱ्यावरून फिरले आणि कुठंच थांबले नाहीत. “चांगला काढतेस,” ती म्हणाली. “हुबेहूब काढतेस. पण असं करू नये बाई. ज्याचं माणूस गेलंय त्याच्यापुढं असलं सोंग करू नये.”

मी खाटेच्या लोखंडावर अंगठीनं टकटक केली. “कोण आहे?” मी थोरलीत विचारलं. “मीच. आले,” मी धाकटीत म्हटलं.

“रेडिओ बंद आहे,” आई म्हणाली. “मी आंधळी झालेय, खुळी नाही.” आणि भिंतीकडे वळली.

मी चमचा तिच्या ओठांशी नेला. ओठ घट्ट मिटलेले. हे ओठ मी ओळखते. लाँड्रीच्या मालकानं एकदा तिच्यावर रुमालाच्या चोरीचा आळ घेतला होता, तेव्हा महिनाभर तिनं त्याच्याशी असे ओठ मिटून काम केलं आणि शेवटी त्यालाच तोंड उघडावं लागलं. ती हटणार नव्हती. तिनं ठरवलं होतं, आणि ठरवण्यासारखं तिच्याकडे एवढंच उरलं होतं. मी मावशींना सांगितलं, उद्या मी रेडिओवरून बोलते, रेडिओ चालू ठेवा, ती ऐकेल. मला खरंच वाटलं होतं इतकं सोपं आहे.

मंगळवारी सकाळी मी परत काचेच्या खोलीत. मी त्याला दादा-बाबा करून बोलले. आयुष्यात कुणापुढं हात जोडले नाहीत ते जोडले. म्हटलं, मला आज एक मिनिट द्या. आज. माझी आई जेवत नाहीये. एक टकटक आणि एक शब्द, एवढंच.

“आज दुपारचा स्लॉट कुकरवाल्यांचा आहे,” गुळगुळीत म्हणाला. “पण तुमच्यासाठी मी त्यांच्याशी बोलेन. आई आहे शेवटी. माझीही आई आहे.” मग त्यानं खणातून कागद काढला. त्यावर असं होतं की माझा आजवरचा सगळा आवाज आणि इथून पुढचाही, कापून, जोडून, हवा तसा वापरायला केंद्राला मोकळीक आहे. मी असताना आणि नसताना.

“हे केलंत की आम्हांला सोपं जाईल,” तो म्हणाला. “तुम्हांला यायचा त्रासही नको. तुम्ही घरी, आवाज इथं.”

मी वाचलं. मग आईचे मिटलेले ओठ आठवले आणि मी म्हटलं, “पेन द्या.” हो, मी सही करणार होते. माझा आवाज आईचाच होता, तिच्यासाठी विकला तर काय बिघडलं? मी पेनाचं टोपण काढलं.

“आणि एक छोटंसं,” तो म्हणाला. “तुम्ही लाइव्ह जाल ते थोरलीत. लीगल म्हणतंय, परवाच्या प्रकारानंतर इथं कुणालाच न समजणाऱ्या भाषेत लाइव्ह सोडता येणार नाही. मजकूर आधी बघून घेऊ. ‘मी सुखरूप आहे’ वगैरे. छान होईल.”

“माझ्या आईला थोरली कळत नाही,” मी म्हटलं. “मी तुम्हांला आत्ताच सांगितलं.”

“हो, पण भावना पोचेल ना ताई.” पुदिन्याची गोळी त्यानं दातांखाली फोडली. कड् असा आवाज आला.

त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही. राग माणसाचा येतो. मला शिसारी आली. बादलीतलं पाणी प्यायला घ्यावं आणि तळाशी कुजकं पान हलावं, तशी. त्याला वाईट करायचं नव्हतंच. त्याला काही करायचंच नव्हतं, त्याला फक्त सगळं गुळगुळीत हवं होतं, आणि माझी आई त्या गुळगुळीतावर बोट घासत मरणार होती. मी टोपण पेनाला परत लावलं, कागद घडी करून त्याच्या कॉफीच्या कपाखाली नीट ठेवला, आणि घरी जाताना काचेची ‘ओरड’ कँटीनच्या खरकट्याच्या बादलीत टाकली. मी ती सकाळी पिशवीत घालून आणली होती, का ते मलाही सांगता यायचं नाही. बहुतेक तेव्हाच ठरलं असावं.

“परत कधी येताय?” रिसेप्शनवरच्या पोरीनं विचारलं.

“जाते,” मी म्हटलं. थोरलीत. तिला काही वाटलं नाही.

दुपारी मी आईच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. आत जायचा धीर होईना. तिचा चेहरा एका दिवसात ओढल्यासारखा झाला होता, ओठांवर पापुद्रे आलेले. त्या खोलीत दोन खाटा आहेत, आणि मधोमध आडोशाला लोखंडी कपाट. रेडिओ त्या कपाटावर असतो. पलीकडची खाट गेल्या महिन्यापासून रिकामी होती. मी कपाटाकडे बघितलं, रेडिओकडे बघितलं, आणि मावशींना बाहेर बोलावलं.

“मावशी, मी पलीकडच्या बाजूनं जाऊन कपाटामागं बसते. तुम्ही आईजवळ जा आणि रेडिओचं बटण फिरवा. नुसतं खट करा. आवाज शून्यावर ठेवा.”

मावशींनी माझ्याकडे, मग कपाटाकडे बघितलं. “आणि शिंक आली तर?”

“तर रेडिओला सर्दी झाली म्हणा.”

मी रांगतच गेले. साठी उलटलेली बाई, गुडघे कटाकट वाजतायत, साडीचा पदर खाटेच्या पायात अडकतोय. कपाटामागं धूळ होती, मेलेलं झुरळ होतं, फिनेलचा वास होता. मी पाय पसरून त्या रिकाम्या खाटेलगतच्या फरशीवर बसले. पलीकडून खट असा आवाज आला. मी कपाटाच्या पत्र्यावर अंगठीनं टकटक केली.

“कोण आहे?” थोरलीत.

खाट करकरली.

“मीच,” धाकटीत. “आले.”

मी पुढं बोलत राहिले. काय बोलले ते धड आठवतही नाही. म्हटलं, गेल्या रविवारी एका माणसानं माझ्या शब्दांत गफलत केली, त्याला धाकटी येत नव्हती, त्यानं मिठाच्या जागी जावई दिला. म्हटलं, मी कुठंही गेले नाही. मग मिठाचं गाणं धरलं. घसा बसलेला, पत्रा घुमत होता, तिसऱ्या कडव्यात सूर उतरला. आणि पलीकडून आई हसली. दोन्ही भाषांवर हसावं लागतं तिथंच हसली. थोरली तिची पुसून गेली असं डॉक्टर म्हणतात. पण शेजारणीच्या जावयाला ती हसली, आणि मी पदर तोंडात कोंबला.

“आली,” आई कुणाला तरी सांगत होती. “आली बघ. सांगत नव्हते मी?”

मावशींना शब्द कळला नसेल, पण चमचा कळला. चमच्याचा ताटाला लागल्याचा आवाज मी ऐकला, मग आई गिळल्याचा. मी गाणं संपवलं. “येते,” म्हटलं.

“ये,” आई म्हणाली.

खट. रेडिओ बंद. मी रांगत बाहेर आले, साडी झटकली, आणि दारातून आत गेले. मला वाटलं, आता ती मला ओळखेल.

“ऐकलंस?” आई माझ्याकडे वळून म्हणाली. तिच्या हनुवटीवर खिमट सांडलं होतं. “माझी मुलगी आली. आणि काल तू म्हणत होतीस, मीच ती. लाज वाटली पाहिजे तुला.”

मी खाटेवर बसले आणि मावशींच्या हातातलं ताट घेतलं. माझ्या पदराला कपाटामागची जळमटं चिकटली होती. तेव्हा मला माझीच शिसारी आली. तुम्ही घरी, आवाज इथं. गुळगुळीतला जे कागदावर करून हवं होतं ते मी फुकटात करून बसले होते.

केंद्रात मी पुन्हा गेले नाही. ते रविवारी माझे जुने भाग लावतात, म्हणून मावशी तिथलं स्टेशन लागू देत नाहीत. आईच्या रेडिओचं बटण त्याच फिरवतात, आणि मी दर रविवारी सकाळी कपाटामागं असते. मावशींनी तिथं माझ्यासाठी उशी ठेवलीय. टकटक, आले, गाणी, येते. या वयात एवढा बरा कार्यक्रम मी कधी केला नव्हता, आणि ऐकायला एकच बाई, तीही कडक. मग उठून, फिरून, दारातून आत यायचं आणि तिला भरवायचं.

“आज तिचा सूर जरा खाली होता,” गेल्या रविवारी आई मला म्हणाली. “पाण्याचा शिपका मारायला हवा होता.”

“वय झालं असेल तिचं,” मी म्हटलं.

“तुझा आवाज बरा आहे गं. तिच्या वळणावरचा आहे. पण तुला कुणी बसवून दिला नाही, ते कळतं लगेच.” तिनं माझा हात चाचपला, अंगठीपाशी थांबली, तिथं बोट फिरवलं आणि सोडून दिला. “तिला भेट एकदा. ती शिकवील तुला. माणसाला नाही म्हणत नाही ती.”

“भेटते,” मी म्हटलं, आणि पुढचा चमचा भरला.